आठ एकर, एक बोअर आणि साडेतीन लाख : पाणी करावं की कोरडवाहूच राहू द्यावं?

बालाघाटी · १६ जानेवारी, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

केज तालुक्यात, बालाघाटच्या उताराला आमची आठ एकर जमीन आहे. खालची पाच एकर मध्यम काळी, वरची तीन एकर मुरमाड. सगळी कोरडवाहू. मी पुण्यात नोकरीला, शेती धाकटा भाऊ बघतो. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. सोयाबीन निघालं की ओलीवर हरभरा, थोडी खायापुरती ज्वारी. हरभरा एकरी चार क्विंटल झाला तरी आम्ही खूश.

२०२३ च्या ऑगस्टात पावसानं जी दडी मारली त्यात सोयाबीन ऐन फुलात वाळलं. शेंगा लागल्या, पण चपट्या. २०२५ च्या सप्टेंबरात बरोबर उलटं, चार दिवस रान तळं होऊन राहिलं. आता भाऊ हट्टाला पेटलाय : "दादा, औंदा पाणी करायचंच." पाणाड्या येऊन गेला. तळहातावर नारळ उभा राहिला, जागेवर चुन्याची फुली मारली. साडेसहाशे फूट बोअर, केसिंग, मोटार, केबल, हजार-बाराशे फूट पाईपलाईन, चार एकरांवर ठिबक. अनुदान धरूनही साडेतीन लाखांच्या खाली येत नाही. निम्मं कर्ज काढावं लागेल, निम्मं माझ्या पीएफमधून.

नुसत्या सोयाबीन-हरभऱ्यासाठी एवढं पाणी करणं परवडतं का? भावाचं उत्तर तयार आहे, पाणी लागलं की ऊस लावू, मग परवडतंच. मला नेमकी तिथंच धडकी भरते.

---

मोटकरी · १६ जानेवारी, रात्री १०:३१

पाणाड्याला एवढंच विचारा की बोअर किती वर्षं चालेल. तेव्हा नारळ आडवा पडतो.

---

राहुरीकर · १६ जानेवारी, रात्री ११:१२

चांगला विषय. ऊस क्षणभर बाजूला ठेवा. ज्या पिकांना आपण 'कोरडवाहू' म्हणून मोकळं सोडतो, त्यांना एक-दोन पाण्यानं काय फरक पडतो ते आधी बघा.

कृषी विद्यापीठाचा हरभऱ्याचा ठोकताळा बहुतेकांना पाठ असेल. कोरडवाहूच्या तुलनेत एक पाणी दिलं तर उत्पादन ३० टक्के वाढतं, दोन दिली तर ६० टक्के. पहिलं ३० ते ३५ दिवसांनी, दुसरं ६० ते ६५ दिवसांनी. पण हरभऱ्याला पाण्याचा सोस नाही. भारी रानात वाफे भरून पाणी सोडलंत तर पीक उभळतं, पिवळं पडून मान टाकतं. तुषारनं हलकं पाणी द्यायचं.

रब्बी ज्वारीला एकच पाणी असेल तर पोटरीत द्या, ५० ते ५५ दिवसांनी. तुरीला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना.

आता गहू बघा, कारण खरी गंमत त्यात आहे. गव्हाला २१ दिवसांपासून पाच-सहा पाणी द्यायची पद्धत आहे. पाणी कमी असेल आणि दोनच पाळ्या दिल्या, २० ते २२ दिवसांनी आणि ६० ते ६५ दिवसांनी, तर भरपूर पाण्याच्या गव्हापेक्षा उत्पादन २० टक्क्यांनीच घटतं. म्हणजे पहिल्या दोन पाण्यांत ८० टक्के गहू घरात आला. पुढची तीन-चार पाणी उरलेल्या २० टक्क्यांसाठी ओतायची! माझ्या मते 'पाणी परवडतं का' या प्रश्नाला अर्थ नाही. कितवं पाणी परवडतं ते विचारा.

---

आकडेमोड · १७ जानेवारी, सकाळी ८:४०

राहुरीकरांचे आकडे घेऊन बालाघाटींच्या पाच काळ्या एकरांचा हिशोब मांडतो. मुरमाड तीन एकर सोडून दिले.

हरभरा चारवरून दोन पाण्यांत ६.४ क्विंटल. एकरी २.४ क्विंटल जादा, ५३०० रुपये धरले तर पाच एकरांचे ६३ हजार सहाशे. सोयाबीनला दरवर्षी पाणी लागत नाही, तीन वर्षांत एकदा खंड पडतो असं धरू. त्या वर्षी एकरी अडीच क्विंटल वाचलं तर ४२०० च्या भावानं पाच एकरांत साडेबावन्न हजार, वर्षाची सरासरी साडेसतरा हजार. (२०२४-२५ चा हमीभाव ४८९२ होता हे माहीत आहे. बाजारात मिळतो तो भाव धरलाय.) तूर एकरी अर्धा क्विंटल वाढली तर आणखी साडेसतरा.

एकूण ९८ हजार. दारं धरायची मजुरी, दुरुस्ती, जादा खत-काढणी यांचे २० हजार वजा. हातात ७८ हजार.

साडेतीन लाखांवर १२ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं व्याजच ४२ हजार. पीएफचा पैसा फुकटचा नसतो, त्यालाही तेच व्याज लावलंय. दरवर्षी ७८ हजार इमानेइतबारे भरले तरी फिटायला सातवं वर्ष उजाडतं.

तेव्हा मोटकरींचा विनोद हाच खरा प्रश्न आहे. बोअर सात वर्षं टिकेल का?

---

शिरोळकर · १७ जानेवारी, सकाळी ९:२५

एवढी आकडेमोड कोरडवाहूच्या हरभऱ्यावर केली तर उत्तर नाहीच येणार की वो. भाऊ बरोबर बोलतोय. ऊस लावा, दोन वर्षांत बोअर फिटतंय.

---

बीडची लेक · १७ जानेवारी, सकाळी ११:०२

शिरोळकर दादा, केज-धारूरकडच्या माणसाला ऊस लावा म्हणताना जरा थांबा.

माझे आई-वडील वीस वर्षं कोयत्यावर गेले. दिवाळी झाली की उचल घ्यायची, ट्रॅक्टरात भांडी-कुंडी टाकायची आणि तुमच्या जिल्ह्यात पाचटाच्या खोपीत सहा महिने राहायचं. आम्ही भावंडं आजीपाशी. आमच्या रानाला पाणी नव्हतं म्हणून ते दुसऱ्याच्या पाण्यावर आलेला ऊस तोडायला गेले. आता मी शिक्षिका आहे, वर्गात दिवाळीनंतर पट निम्मा होतो तेव्हा मला ते पाणीच दिसतं.

तरीही मी बालाघाटींना पाणी करू नका असं म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या घरानं विहीर खोदली. मोठी नाही, सहा परस. पाणी माघ संपेपर्यंतच पुरतं. पण तेवढ्यावर त्यांचा हरभरा, थोडी मेथी-कोथिंबीर आणि दोन म्हशींचा घास निघतो. त्या वर्षापासून त्या घरातला कोयता बंद झाला. हे तुमच्या ७८ हजारांत कुठल्या रकान्यात बसवणार?

---

आकडेमोड · १७ जानेवारी, सकाळी ११:२०

ताई, नाही बसत. मान्य.

---

निवृत्त शाखाभियंता · १७ जानेवारी, दुपारी ४:५०

३३ वर्षं पाटबंधाऱ्यात काढली, म्हणून जरा लांबण लावतो. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

ज्वारीला पाणी द्यावं की नाही, हा वाद आजचा नाही. इंग्रजांनी नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू केला तो दुष्काळ निवारणासाठी. कल्पना अशी की पाऊस चुकला की शेतकरी ज्वारी-बाजरीला पाणी घेईल आणि पाणीपट्टी भरेल. शेतकऱ्यानं काय केलं? पाऊस बरा झाला त्या वर्षी पाण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. काळ्या रानात मालदांडी ज्वारी ओलीवर येते, पैसे कशाला मोजा? आणि दुष्काळ पडला की सगळे एकदम कालव्यावर, तेव्हा पाणी पुरेना. सरकारचा कालवा तोट्यात. मग बारमाही पीक पाहिजे, म्हणून ऊस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत बसवली. एका गटात मोजका ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि पाण्याची वर्षानुवर्षांची हमी. योजना हुशारीची होती. पण मोजका ऊस मोजका राहिला नाही, तो का राहिला नाही हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

आज देशात सर्वांत जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, आणि ओलिताखालचं क्षेत्र एकूण पिकांच्या १८ टक्क्यांच्या आसपास घुटमळतंय. ऊस एकूण पिकांच्या क्षेत्रात चार-पाच टक्के आणि सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानंच हे लिहून ठेवलंय.

आता मापात बोलू. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. हरभऱ्याला तुषारनं एक पाणी द्यायला दीड-दोन लाख लिटर पुरतं. उसाची गरज वर्षाला २५०० मिलिमीटरच्या घरात, म्हणजे एकरी एक कोटी लिटर. त्यातलं पावसाचं वजा करा, तरी तुमच्या भागात मोठा हिस्सा बोअरनंच द्यायचा आहे. एका एकर उसाच्या पाण्यात पन्नास एकर हरभऱ्याचं एकेक पाणी निघतं.

मी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, नोकरी केली. शिव्या खाल्ल्या त्या टेलच्या, पाणी प्यायलं ते हेडनं, वरच्या तोंडानं. तरी सांगतो, पाटाच्या पाण्यात निदान वरून कोणीतरी सोडतं, उशिरा का होईना येतं. बोअरचं तसं नाही. आपला दख्खनचा पत्थर. पाणी राहतं ते वरच्या मऊ मुरमात, मांजऱ्या खडकात आणि फटींत. खालच्या काळ्या पाषाणात साडेसहाशे फुटांवर लागलेलं पाणी बहुधा एखाद्या भेगेतलं साठलेलं असतं. उपसून संपलं की भरायला पिढ्या लागतात. आणि जाता जाता, २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल बोअरला मनाई आहे, म्हणजे सुमारे २०० फूट. तामिळनाडूच्या गाड्या रात्रभर सहाशे-आठशे फूट पाडतात त्या गावांत हे कोणी ऐकलं असेल तर हात वर करा.

---

मोटकरी · १७ जानेवारी, संध्याकाळी ५:१५

दोन्ही हात खाली.

---

शिरोळकर · १७ जानेवारी, रात्री ८:३३

साहेब, ऊसवाल्याला शिव्या द्यायची आता फॅशनच झाली आहे. दुसरं कुठलं पीक आहे ज्याचा दर कायद्यानं ठरतो, तोडायला माणूस कारखाना पाठवतो आणि पैसे थेट खात्यावर येतात? उशिरा येतात, त्यासाठी आंदोलनं करावी लागतात, पण येतात. वर आकडेमोड साहेबांनीच सोयाबीन हमीभावाच्या खाली धरलंय. गारपीट झाली, ऊस उभा. महिनाभर पाऊस नाही, ऊस उभा. पूर आला तर... बरं, २०१९ चं आणि २०२१ चं नको काढायला.

बीडच्या ताईंना उत्तर द्यायला मला तोंड नाही, ते राहू दे.

पण पाण्याचं आमचंही एक दुखणं आहे, ते प्रामाणिकपणे सांगतो. आज्ज्याच्या वेळी नदीवरून पाणी उपसायची लिफ्ट आली. पाणी मुबलक, पट्टी एकरावर, मग कोण मोजतंय? पाट फोडून द्यायचा आणि झोपायला जायचं. पंचवीस-तीस वर्षांत खालच्या दीड एकरावर पांढरं मीठ फुललं. आधी ऊस खुरटला, मग उगवेना, मग लव्हाळं सोडून काही येईना. क्षारपड. एकरी साठ टन काढलेलं रान वडिलांनी पडीक टाकलं. शेवटी शेजारचे सगळे मिळून जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकले, निचरा ओढ्याला काढला, तेव्हा तिसऱ्या वर्षी पीक दिसलं. एकट्यानं जमत नाही ते, पाणी शेवटी दुसऱ्याच्या बांधातूनच काढायचं असतं. पाणी आणायला जेवढा खर्च झाला नव्हता त्याहून जास्त पाणी घालवायला झाला.

तर ऊस लावा म्हणालो ते परत घेत नाही. पण ठिबकवर लावा, आणि एकच एकर.

---

पूर्णाकाठ · १७ जानेवारी, रात्री ९:१०

आमचं दर्यापूरकडचं ऐका भाऊ. आम्ही खारपाण पट्ट्यातले. अमरावती, अकोला, बुलडाण्याचा पूर्णेचा खोरा. काळी माती अशी की उन्हाळ्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो, आणि जमिनीखालचं पाणी खारट. बोअर केला तर पाणी लागतं हो, भरपूर लागतं, पण तेच पाणी दोन-तीन वर्षं दिलं तर माती दगड होते. पाऊस पडला की वर चिखल, खाली कोरडं. आमच्या काकांनी हट्टानं बोअरवर गहू केला होता. पहिल्या वर्षी झकास, तिसऱ्या वर्षी नांगराला माती उचलेना.

म्हणून आमच्याकडे पाणी म्हणजे वरून पडलेलंच. शेततळं, आणि त्यातून तुषारनं हरभऱ्याला एक, फार तर दोन पाणी. पोकरा या सरकारी योजनेत आमच्या गावात बरीच तळी झाली. माझ्या तळ्याला प्लास्टिकचा कागद नाही, आमची माती फुगते, दुसऱ्या वर्षापासून झिरपा बराच कमी होतो. तुमच्या मुरमाडात तसं होणार नाही, ते खालच्या काळ्या रानातच घ्या.

बोअर करायच्या आधी शेजारच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून तपासून घ्या. हे कोणीच करत नाही. पाणी लागलं का विचारतात, कसं लागलं कोणी विचारत नाही.

---

दूरचा पाहुणा · १८ जानेवारी, सकाळी ६:४८

नेब्रास्कातून लिहितोय, शेतकरी नाही, शेतीच्या अवजारांच्या कंपनीत आहे. इथेही हाच प्रश्न रोज ऐकतो, फक्त आकडे मोठे. अमेरिकेत सर्वांत जास्त ओलिताचं क्षेत्र याच राज्यात. एकेका फिरत्या तुषार यंत्राखाली १३० एकरांचं गोल मक्याचं शेत, आणि खाली ओगलालाचा अवाढव्य भूजलसाठा. तोही दक्षिणेकडे, कॅन्सस-टेक्सासात, आटत चाललाय. नेब्रास्कानं १९७२ पासून खोऱ्यांप्रमाणे मंडळं नेमली. जिथे पाणी उतरलं त्या मंडळांनी विहिरींना मीटर बसवले आणि एकरी किती इंच उपसायचं याला मर्यादा घातली. शेतकरी आधी चिडले. आता कॉफी पिताना एकमेकांना विचारतात, "यंदा तुझे किती इंच उरले?"

---

मोटकरी · १८ जानेवारी, सकाळी ९:०५

पाहुणे, एवढ्या लांब कशाला जाता? पुरंदरात नायगावला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर हेच केलं. पाणी पंचायत. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं. माणशी अर्धा एकर, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ऊस बंद. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाणी विकता येत नाही. आम्ही तेव्हा तरुण पोरं, बघायला गेलो होतो. आमच्याकडे कालवा भरून वाहत होता म्हणून हसलो. "हे काय रेशनचं पाणी!"

हिवरे बाजारलाही ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते गाव ठरवतं. आता हसत नाही मी. आमच्या कालव्याच्या टेलला माझ्याच मेहुण्याचं रान आहे.

---

दिंडोरीचा · १८ जानेवारी, सकाळी १०:२२

वाघाड धरणाचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे धरणाचं पाणी टेलला मिळत नव्हतं, तेव्हा १९९० नंतर पाणीवापर संस्था झाल्या. घनमापावर पाणी, हेडवाल्याला जास्त घेण्यात रस उरला नाही, विहिरींना पाझर लागतो त्याचाही हिशोब धरला. आज सगळीकडे द्राक्षं आहेत. २००५ साली सरकारनं कायदा केला त्याच्या आधीपासून हे चालू आहे.

पण खरं सांगू? द्राक्ष परवडतं म्हणून पाणी परवडतं. हरभऱ्यावर कोणी एवढ्या बैठका घेतल्या नसत्या.

---

राहुरीकर · १८ जानेवारी, सकाळी १०:४०

हे मात्र शंभर टक्के. पाण्याला भाव पिकाकडून येतो. म्हणूनच पाणी झालं की कोरडवाहू पीक टिकत नाही.

---

बालाघाटी · २१ जानेवारी, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गावी जाऊन आलो. काळ्या रानातला हरभरा घाट्यात आहे, मुरमाडातला हातभर वाढून तांबूस पडलाय.

मोटकरी काकांचा प्रश्न घेऊन गावात फिरलो. आमच्या उतारावर, साधारण अर्ध्या कोसात, एकूण चौदा बोअर आहेत. बहुतेक २०१६ च्या दुष्काळात पाडलेले, जेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आज पाच चालू. त्या पाचांतले तीन ओढ्यालगत, दोनशे फुटांच्या आतले. सहाशेच्या पुढे गेलेले सात होते, त्यातला एक चालतो, तोही तासभर आपटून बंद पडतो, मग पाणी जमायची वाट बघायची. एकानं तर तीन बोअर घेतले, तिन्ही कोरडे, आता दरवर्षी दिवाळीनंतर कारखान्यावर जातो. कर्ज फेडायला ऊस तोडतो.

पूर्णाकाठ ताईंनी सांगितलं तसं पाण्याची बाटलीही आणलीय, तपासायला दिली. (ताई की दादा, चुकलं असेल तर माफी.)

निवृत्त साहेब, आता तळ्याचा हिशोब विचारतो. खालच्या कोपऱ्यात, जिथे सप्टेंबरात पाणी तुंबलं होतं, तिथेच तीस बाय तीस, तीन मीटर खोल तळं घेतलं तर?

---

निवृत्त शाखाभियंता · २२ जानेवारी, सकाळी ७:३०

उतार धरून तीस-तीस-तीनच्या तळ्यात २० लाख लिटरच्या आसपास बसतं. कागद नसेल तर झिरपा आणि बाष्पीभवन मिळून निम्मं गेलं असं धरा. उरलेल्या दहा लाख लिटरांत पाच एकर हरभऱ्याला दोन इंचाचं एक पाणी. दुसऱ्या पाण्याची आशा ठेवू नका. जागा जाते नऊ गुंठे आणि भराव वेगळा, म्हणजे बारा-तेरा गुंठे.

एक धोका सांगून ठेवतो. ऑगस्टात खंड पडला तर त्याआधी तळं भरलेलं असेलच असं नाही. २०२३ सारख्या वर्षी सोयाबीनला तळं कदाचित उपयोगी पडणार नाही. तळं हे मुख्यतः रब्बीचं भांडवल. आणि तळ्याला येणारं पाणी आधी गाळ बसायच्या खड्ड्यातून घ्या, नाहीतर पाच वर्षांत त्यातच हरभरा पेराल.

---

आकडेमोड · २२ जानेवारी, सकाळी ९:१०

खोदाई सव्वा लाखाच्या आत, मोटार आणि तुषार संच साठ हजार, तळ्याचं अनुदान ७५ हजारांपर्यंत मिळतं. पदरचे एक लाख दहा हजार. एका पाण्याचा ३० टक्के हरभरा म्हणजे वर्षाला जेमतेम ३२ हजार. कमाई बोअरच्या निम्मीसुद्धा नाही. पण चौथ्या-पाचव्या वर्षी पैसे फिटतात, आणि तळं काही कोरडं लागत नाही.

---

धाकला बालाघाटी · २३ जानेवारी, रात्री १:४०

मीच तो भाऊ. दादानं लिंक पाठवली म्हणून खातं काढलं. समदं वाचलं.

तुमचे हिशोब बरोबर असतील. पण हिशोबात रात्र धरली नाही कोणी. आमच्याकडे आठवड्यात चार दिवस लाईट रात्रीची. बिल माफ आहे, साडेसात एचपीपर्यंत, पण रात्रीची झोप माफ नाही. डीपी जळाला की दहा दिवस. आता हे लिहायलोय ते शेजाऱ्याच्या रानात दारं धरून बसलो आहे म्हणून. त्याच्या विहिरीचं पाणी घ्यायचं ठरवलंय का, तर हो, यंदापुरतं घेतलं. हरभऱ्यातला चौथा वाटा त्याला. दादाला सांगायचं राहिलं होतं, इथंच सांगतो.

ऊस म्हणालो ते का, तेही सांगतो. ऊस असला की लग्नाला मुलगी देतात. 'बागायतदार' लिहिता येतं. हरभऱ्याला एक पाणी देणाऱ्याला काय म्हणतात, कोणी सांगावं.

---

बीडची लेक · २३ जानेवारी, सकाळी ७:१५

भाऊराया, माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी एकच विचारलं होतं, पोरगा कोयत्यावर जातो का. बागायत विचारली नाही.

---

शिरोळकर · २३ जानेवारी, सकाळी ८:००

भावा, चौथा वाटा जड नाही, आमच्याकडे तिसरा घेतात. यंदा त्या पाण्याचा हरभरा आणि बिनपाण्याचा एक पट्टा असे वेगळे मळून मोज. दादाच्या हिशोबापेक्षा ते खरं.

---

धाकला बालाघाटी · १२ मार्च, रात्री ८:२०

मळणी झाली. पाण्याचा हरभरा एकरी पाच क्विंटल सत्तर किलो, बिनपाण्याचा पट्टा चार क्विंटल दहा किलो. एकच पाणी दिलं होतं, तुषार भाड्यानं आणला. वाटा जाऊन आपल्याला एकरी चार क्विंटल साडेसत्तावीस किलो. म्हणजे बिनपाण्याच्यापेक्षा साडेसतरा किलो जास्त! त्यासाठी दोन रात्री जागलो, तुषाराचं भाडं वेगळं. दादा हसला, मीही हसलो.

शेजाऱ्याचं पाणी आपल्याला नाही परवडत, एवढं कळलं. जेसीबीवाल्याला कोपरा दाखवलाय, सोयाबीन पेरायच्या आत तळं होईल म्हणतोय. अर्ज ऑनलाईन भरला. गाळाचा खड्डा वरच्या अंगाला, साहेबांनी सांगितला तसा. पोरं पडू नयेत म्हणून कुंपणाला जुन्या साड्या नाही, जाळीच लावणार.

पाणाड्याचे पाचशे गेले ते गेले. नारळ तेवढा फोडून खाल्ला.